केवल नरसिंहासमोरचा तास

[दृश्य : रिकामी वर्गखोली. बंद कूलर. भिंतीवर पांढरा पडदा.]

दुपारी अडीचचा तास. नागपुरातला मार्च. कूलरचा आवाज एवढा, की मागच्या बाकापर्यंत मॅडमचं बोलणं पोचायचंच नाही. म्हणून मॅडम फार बोलत नसत. स्लाइड लावायच्या, दिवे घालवायच्या आणि म्हणायच्या, "काढा."

'कलेचा इतिहास' हा आमचा थिअरीचा विषय. चित्रं काढायला आलेल्या पोरांसाठी थिअरी म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीची झेरॉक्स. काळ, शैली, पाच वैशिष्ट्यं. पहिल्या वर्षी माझ्याही बॅगेत ती झेरॉक्स होती.

[दृश्य : टेबलावर मातीच्या लहान आकृत्या, शेजारी स्टीलची पट्टी.]

या आकृत्या त्याच वर्षीच्या. मोहेंजोदडोच्या कांस्य नर्तकीची स्लाइड भिंतीवर पुरुषभर उंच दिसत होती. आम्ही मोठ्या कागदावर ऐटीत काढली. मग मॅडमनी विचारलं, "खरी केवढी असेल?" कोणी चार फूट म्हणालं, कोणी तीन. मॅडमनी पट्टी पुढे केली. साडेदहा सेंटीमीटर. वर्ग गप्प.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाडूचा गोळा आणला. "साडेदहात बसवा." डाव्या हातभर बांगड्या कशाबशा जमल्या. उजवा हात मात्र कमरेवर टेकवायचा, आणि कोपर व कंबर यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवायची. माती वाळली की तो हात गळून पडायचा. तीनदा पडला. मग मॅडमनी मेण दिलं. मेणात हात टिकला. त्या मेणावर मातीचं लिंपण, ते तापवलं की मेण वितळून बाहेर, आणि त्या पोकळीत ओतलेला धातू. झेरॉक्समध्ये ही पद्धत दीड ओळीत होती. आमच्या बोटांना ती कळायला चार दिवस लागले. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी तो हात असाच सांभाळला असणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

[दृश्य : सकाळ. गवतात दगडांची वर्तुळं.]

काटोल रस्त्यावरचं जुनापाणी. अशी सुमारे तीनशे शिळावर्तुळं इथे आहेत. लोखंड वापरणाऱ्या माणसांची ही दफनं. रिव्हेट-कर्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात इथे उत्खनन केलं. काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत. ते उन्हात दिसत नाहीत, तिरप्या प्रकाशातच उठून दिसतात. म्हणून मॅडम आम्हाला सहा वाजता घेऊन आल्या होत्या.

[दृश्य : अजब बंगल्याची बाहेरची बाजू.]

आणि हा अजब बंगला, नागपूरचं वस्तुसंग्रहालय, १८६३ सालचं. लहानपणी सगळ्यांनी पाहिलेलं. मॅडमसोबत आम्ही इथे एका शिल्पासमोर दोन तास बसलो होतो.

[दृश्य : रामटेकचा डोंगर, पायऱ्या, दगडी मंदिर.]

या फिल्मचं मूळ इथे आहे.

वर्गात एकदा मॅडमनी विचारलं होतं, "अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोणी करवून घेतलं?" उत्तर त्या लेण्याच्या भिंतीवरच कोरलेलं आहे. वराहदेव, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. वाकाटक हे विदर्भावर राज्य करणारं जुनं घराणं, त्याच्या दोन शाखा. हरिषेणाची शाखा वत्सगुल्मची, आणि वत्सगुल्म म्हणजे वाशीम. आमच्या वर्गातला वाशीमचा पोरगा ताठ होऊन बसला. "आमचं वाशीम?" मॅडम म्हणाल्या, "तुमचंच. आणि दुसरी शाखा कुठली, ते रविवारी बघू."

ती शाखा नागपूरच्या बाजूची. तिचं ठिकाण हे रामटेक.

आत नरसिंह आहे. पाचव्या शतकातला. मॅडमनी काहीच सांगितलं नाही. अर्धा तास काढायला लावलं. मग विचारलं, "कोणाला मारून राहिला?"

आम्ही पुन्हा पाहिलं. मांडीवर हिरण्यकशिपू नाही. फाडलेलं पोट नाही, आतडी नाहीत, खांबही नाही. एक पाय मुडपलेला, एक गुडघा वर, हातात चक्र. नुसता बसलेला. आमच्यातल्या दोघांनी मात्र चित्रात राक्षस काढला होता. समोर नव्हता, तरी काढला होता. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हा तुमच्या डोक्यातला नरसिंह. आता डोळ्यांपुढचा काढा."

त्यानंतर त्यांनी नाव सांगितलं. केवल नरसिंह. एकटा.

[दृश्य : मंडपाची भिंत, झिजलेली अक्षरं.]

वाकाटकांचे कोरीव लेख वाचून एकत्र छापले ते नागपुरातच शिकवणाऱ्या वा. वि. मिराशींनी, १९६३ मध्ये. हा लेख त्यात नाही. तो पुढे, १९८० च्या दशकात, भिंतीवरचा थर निघाल्यावर दिसला. तुटका आहे, पण त्यात प्रभावतीगुप्ता आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा रुद्रसेन गेल्यावर लहान मुलांच्या नावानं तिनं राज्य चालवलं. सनावळ्यांच्या पाठांतरात ती आम्हाला कधी भेटली नव्हती. मॅडम एकेक अक्षर बोटानं हवेत गिरवत गेल्या, भिंतीला हात न लावता. हा शॉट मी कापलेला नाही. पूर्ण ठेवला आहे.

[दृश्य : मॅडमचा हात. निवेदन नाही.]

[दृश्य : पुन्हा रिकामी वर्गखोली.]

मॅडम निवृत्त झाल्या. जागा भरली गेली नाही. विषय तासिका तत्त्वावर चालतो, सहल बंद आहे.

[दृश्य : मंदिराच्या पायरीवर वह्या. संध्याकाळचा प्रकाश.]

त्या दिवशी मॅडमनी वह्या पायरीवर ओळीनं मांडायला लावल्या. तेवीस नरसिंह. एकाचा गुडघा चुकलेला, एकाच्या आयाळीतच संध्याकाळ झालेली. त्यातला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. मॅडम प्रत्येक वहीपुढे थांबल्या, मान वर करून आत बघायच्या, मग पुन्हा वहीत. वाशीमच्या पोरानं राक्षस खोडरबरानं पुसला होता, पण त्याची रेघ कागदावर उमटून राहिली होती. मॅडम म्हणाल्या, "असू दे, पुसू नको."

पाच वाजताची बस खाली उभी होती. कंडक्टरनं दोनदा बेल दिली. आम्ही सहाची धरली.