लेआउटवर पाऊस पडला तर पाणी कुठे जाईल?

मागे ऐकू येतंय ना? बरं. मला विषय दिलाय मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरच्या सीनरीचा, म्हणजे छोट्या गाडीचे रूळ टाकून झाले, गाडी फिरायला लागली, आता भोवतीचा डोंगर नि गाव नि रस्ता खरा कसा वाटेल. गवत कसं चिकटवायचं, दगड कसे रंगवायचे याचे यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत, ते काही मी परत सांगत बसणार नाही. मी एकच प्रश्न घेऊन आलोय. तुमच्या लेआउटवर समजा तासभर धो धो पाऊस पडला, तर पाणी कुठून येईल नि कुठे जाईल? याचं उत्तर तुम्हाला बोट ठेवून दाखवता आलं की सीनरी अर्धी जमलीच म्हणून समजा. नाहीतर महागाचं घर, महागाचं झाड, रिक्षा, सिग्नल, सगळं असतं पण ते रुखवतात मांडल्यासारखं दिसतं, एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नाही.

आपण नेरळसारखं स्टेशन घेऊ, कारण तिथे मोठी गाडी आणि माथेरानची छोटी गाडी दोन्ही आहेत नि मागे डोंगर आहे. स्केल एचओ, म्हणजे 1:87, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. आता गंमत बघा, आपला ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिलिमीटर, तो 87 ने भागला की 19.3 येतो आणि बाजारात मिळतो तो ट्रॅक 16.5 चा. उलट माथेरानचा दोन फुटी रूळ 7 मिलिमीटर व्हायला हवा तर त्यासाठी आपण एन स्केलचा, म्हणजे एचओहून लहान स्केलचा, 9 चा वापरतो. म्हणजे मोठी गाडी जरा बारीक नि छोटी गाडी जरा जाडी. चालतं. ते दोन-तीन मिलिमीटर बघणाऱ्याला कळत नाहीत, पण नाल्याशिवायचा पूल लगेच कळतो.

तर पहिला नियम, सपाट प्लायवर लेआउट करू नका. कारण पाणी रुळांच्या खाली जातं, आणि रूळच जर सगळ्यात खाली असतील तर ओढा कुठून काढणार? खाली लाकडी पट्ट्यांची चौकट करा, रुळांपुरतंच प्लाय वर उचलून धरा, बाकी जागा मोकळी, मग जमीन रुळांच्या वरही जाऊ शकते नि खालीही. कॅलिफोर्नियात माँटेरीला जॉन अ‍ॅलन नावाचा माणूस होता, त्याच्या लेआउटवर डोंगर जमिनीपासून पार छतापर्यंत गेलेले, दऱ्या रुळांच्या कितीतरी खाली, आणि खोली मोठी वाटावी म्हणून मधेमधे आरसे लावलेले. इंजिनं नि इमारती मुद्दाम मळवायची पद्धत रुजवणाऱ्यांतलाही तो एक. 1973 च्या जानेवारीत तो गेला आणि थोड्याच दिवसांत लेआउट आगीत गेलं, आता फक्त फोटो. पण ते फोटो बघाच, पैसा कमी नि निरीक्षण जास्त असं काम आहे ते.

डोंगर थर्माकोलचे थर लावून करा, वर बँडेजपट्टी पीओपीत बुडवून, हे सगळ्यांना माहितीये. पण पीओपी ओलं असतानाच बोटाने घळी ओढायच्या, वरून खाली, दोन घळी मिळून एक होते, ती जिथे रुळाला येऊन भेटते तिथे मोरी, म्हणजे रुळाखालून पाणी जायची वाट, पाहिजेच. माथेरानची लाइन आदमजी पीरभॉयनी 1907 मध्ये सुरू केली, चढ काही ठिकाणी 1 ला 20, म्हणजे वीस फुटांत एक फूट वर, आणि 2005 च्या जुलैच्या पावसात तिची अशी वाट लागली की गाडी परत धावायला 2007 उजाडलं. डोंगरातल्या रेल्वेचं हे असंच असतं, अर्धी मारामारी पाण्याशीच. म्हणून मोऱ्या, दगडी भिंती, भिंतींना पाणी सुटायला ठेवलेली भोकं, डोंगर कापून केलेल्या कटिंगमध्ये रुळाच्या कडेने जाणारा चर, या गोष्टी सजावट नाहीत हो, त्यांच्यामुळे तर ती गाडी उभी आहे. आणि जाता जाता, मॉडेलमध्ये 1 ला 20 चढ देऊ नका, छोटी इंजिनं दोन-तीन डब्यांना पण धापा टाकतात, 1 ला 30 बरा.

खडीचं एक सांगतो. खरी खडी साधारण 65 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे आपल्याकडे पाऊण मिलिमीटर, पाकिटातली बऱ्याचदा याहून जाडी असते. बारीक चाळणीने चाळून घ्या. आधी पाण्यात साबणाचा थेंब टाकून फवारा, मग अर्धं पाणी अर्धा फेविकॉल ड्रॉपरने सोडा, आणि सांध्यांपाशी, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, हात आखडता, तिथे फेविकॉल शिरला की सांधा गेला.

आता रस्ता, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. काळा कुळकुळीत सपाट रस्ता नि मधे पांढरी रेघ. अहो, डांबर काळं असतं ते पहिले काही महिने, नंतर ते राखाडी, आणि मॉडेलवर तर सगळेच रंग थोडे फिके लावायचे कारण आपण ते लांबून बघत असतो. आणि रस्ता सपाट नसतो. सात मीटरचा रस्ता आपल्याकडे 8 सेंटिमीटरचा होतो, त्याचा मधला भाग कडेपेक्षा साधारण 1 मिलिमीटर वर पाहिजे, म्हणजे पाणी कडेला जातं. रस्त्यासाठी घेतलेल्या सनबोर्डच्या, म्हणजे फोमच्या पातळ पाटीच्या, खाली मधोमध जाड कार्डची पट्टी सरकवली की झालं काम. हा एक मिलिमीटर कुणाला दिसत नाही पण तो नसला की रस्ता खोटा वाटतो. मग कडेला गटार, गटारावर फरशा, एखादी तुटलेली, दुकानापुढे गटार ओलांडायला टाकलेली फळी. माती रस्त्याच्या कडेला साचते, मधे नाही. रिक्षास्टँड असेल तर तिथे तेलाचे डाग. डबकं करायचंय तर ग्लॉस वॉर्निशचा थेंब, पण जिथे खड्डा किंवा उतार संपतो तिथेच, कुठेही नाही.

घरांचंही तेच. मंगलोरी कौलांचं घर असेल तर पागोळ्या पडून खाली मातीत एक सरळ रेघ उमटते, ती ओढा. भिंतीचा खालचा हातभर पट्टा चिखल उडून तांबूस. पत्र्याच्या खिळ्याखाली गंजाचा ओघळ, पाइपच्या जोडाखाली शेवाळाचा हिरवा-काळा पट्टा. यासाठी महागाचे वेदरिंग सेट, म्हणजे मॉडेल जुनं दाखवायचे रंग, लागत नाहीत, काळा नि तपकिरी अ‍ॅक्रिलिक भरपूर पाण्यात, आणि ब्रश नेहमी वरून खाली. आडवा फिरवलात तर मळकं दिसेल, जुनं नाही दिसणार.

कुणी म्हणेल मी मे महिना दाखवणारे, मला पावसाशी काय करायचंय. मे मध्ये पण ओघळ असतातच की, फक्त सुकलेले, ओढा कोरडा नि त्यात गोटे, गवत पिवळं पण ओढ्याकाठी एक पट्टा हिरवा. महिना मात्र एकच ठरवा. फुललेला गुलमोहर आणि शेजारी भाताची हिरवीगार रोपं असं चालणार नाही.

झाडं मोठी करा. वीस मीटरचा माड 23 सेंटिमीटर होतो, डब्याच्या लांबीएवढाच जवळपास, कारण चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा रेल्वेचा डबा साडेचोवीस. लोक दहा सेंटिमीटरचा लावतात कारण पाकिटात तसाच मिळतो. तांब्याच्या तारांचा पीळ घालून स्वतः करा, नाहीतर तुळशीच्या वाळलेल्या फांद्या, उत्तम झाडं होतात.

हॅम्बुर्गच्या मिनिआटुर वुंडरलांडमध्ये रस्त्यावरून गाड्या आपोआप धावतात, रस्त्याच्या पोटात तार पुरलेली असते नि गाडीच्या पुढच्या चाकांना जोडलेलं चुंबक तिच्या मागे जातं. भारी आहे, पण सुरुवातीलाच त्याच्या मागे लागू नका. त्यापेक्षा पुण्यात कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या म्युझियममध्ये जाऊन या, आणि पुढच्या पावसात एकदा स्टेशनबाहेर छत्री घेऊन उभे राहा, मोबाइलवर गटारांचे फोटो काढा, लोक बघतील, बघू देत. वायरिंगचे प्रश्न चहानंतर घेऊ, आता सीनरीचेच विचारा.