मायना काय लिहायचा?

नमस्कार. फलकावर विषय फार भारदस्त लिहिलाय, ‘यादवी युद्धातली भावंडं आणि ऐतिहासिक कादंबरी’. मघाशी इथे सतरंज्या घालणाऱ्या काकांनी मला विचारलं, कशावर बोलणार आज? मी म्हटलं, भाऊ भावाविरुद्ध उभा राहतो त्या लढाईवर. ते म्हणाले, “म्हणजे बांधावरचीच ना?” हसताय तुम्ही, पण मला जे सांगायचंय त्याच्या बरंच जवळ गेले ते.

आपल्या भाषेत या प्रकाराला दोन शब्द आहेत. एक यादवी. तो पुराणातून आला. प्रभासला यादवांनी आपसात लढून कुळ संपवलं, तिथे कुणी उरलंच नाही. दुसरा भाऊबंदकी. हा शब्द गावातला आहे, सातबाऱ्याच्या आसपास राहणारा. भाऊबंदकीत कुळ संपत नाही. उलट, भाऊबंदकी पिढ्यानपिढ्या चालते म्हणजे कुळ जिवंत आहे. कादंबरीकार यादवी लिहायला बसतो, कारण तिच्यात रणांगण आहे, रक्त आहे, शेवटी मिठी आहे. मी सतराशे सालानंतरच्या मराठी राज्याचे कागद वाचायला लागलो, तेव्हा मला जागोजागी भाऊबंदकी भेटली. आणि ती जास्त भीतिदायक निघाली.

काळ थोडक्यात सांगतो. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचा शाहू मोगलांच्या कैदेत गेले. संभाजी महाराजांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज जिंजीला गेले, तिथून राज्य चालवलं, 1700 मध्ये सिंहगडावर वारले. मग त्यांच्या पंचविशीतल्या पत्नीनं, ताराबाईंनी, आपल्या लहान मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवलं आणि औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. 1707 मध्ये औरंगजेब मेला. त्याचा मुलगा आज्जम दिल्लीच्या तख्तासाठी उत्तरेकडे निघाला आणि वाटेत त्यानं शाहूंना सोडून दिलं. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. त्या परत आल्या 1719 मध्ये. (हे थोरले शाहू, साताऱ्याचे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे, ते यांच्यानंतर जवळपास दीडशे वर्षांनी गादीवर आले. दर व्याख्यानात कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

आता न्याय करा बघू. शाहू थोरल्या पातीचे, हक्क त्यांचा. ताराबाईंचं म्हणणं असं की थोरल्या पातीच्या हातून राज्य गेलं होतं. माझ्या नवऱ्यानं ते नव्यानं उभं केलं, मी ते राखलं, त्यावर माझ्या मुलाचा हक्क. दोन्ही बाजू खऱ्या. कादंबरीकाराला यापेक्षा चांगली जमीन मिळायची नाही. एक बाजू दुष्ट आणि एक सुष्ट असली की भावाभावांच्या ताटातुटीला वजन राहत नाही, वाचकानं आधीच एका भावाला सोडून दिलेलं असतं.

ताराबाईंनी जाहीर केलं, हा शाहू नव्हेच, हा तोतया आहे. हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे मी.

ऑक्टोबर 1707 मध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. खेड म्हणजे आजचं राजगुरुनगर. पुण्याहून नाशिकला जाताना आपण तिथल्या वाहतुकीला शिव्या देतो, तेच. ताराबाईंनी सरदारांकडून दूधभाताची शपथ घेतली होती असं सांगतात. तरी धनाजी जाधव ऐन वेळी शाहूंकडे गेले. परशुराम त्रिंबक प्रतिनिधी, म्हणजे छत्रपतींच्या वतीनं कारभार पाहणारे, तेवढे लढले, हरले आणि साताऱ्याच्या किल्ल्यात जाऊन बसले.

माझ्या पहिल्या खर्ड्यात इथे दोन भाऊ होते, काल्पनिक. एक धनाजीच्या तुकडीत, एक प्रतिनिधींच्या. धूळ उडते, तलवारी भिडतात, शिरस्त्राण गळून पडतं आणि... पुढचं तुम्हीच लिहाल. मी तो खर्डा एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिच्या घरी तीन पिढ्यांचा जमिनीचा दावा चालू आहे. तिनं चाळीस पानं वाचली आणि एवढंच विचारलं, “यांच्या वाटणीचे कागद कुणाकडे होते?” त्या प्रश्नानं माझी दोन वर्षांची मेहनत गेली. बरं झालं.

शिरस्त्राणाचा प्रसंग खोटाच असतो असं नाही म्हणत मी. अमेरिकेच्या यादवीत कॅम्पबेल नावाचे दोन स्कॉटिश भाऊ होते. जेम्स चार्ल्स्टनला स्थायिक झाला म्हणून दक्षिणेच्या फौजेत, अलेक्झांडर न्यूयॉर्कच्या एकोणऐंशीव्या पलटणीत निशाणबरदार. 16 जून 1862 रोजी सेसेशनव्हिलच्या तटबंदीवर अलेक्झांडरच्या पलटणीनं हल्ला चढवला आणि आतून जेम्स लढत होता. दोघांनाही ठाऊक नव्हतं. जेम्सला नंतर कैद्यांकडून कळलं की निशाण घेऊन आलेला आपलाच भाऊ होता. मग त्यानं पत्र लिहिलं. पुन्हा रणात गाठ न पडो, पण पडलीच तर तू तुझं कर्तव्य कर, मी माझं करीन, असा त्याचा आशय. मला या गोष्टीत लढाईपेक्षा पत्र मोठं वाटतं. त्यात माणूस विचार करून, शब्द निवडून, भावाला परका म्हणायला शिकतो.

आता परत साताऱ्याला. परशुरामपंत, म्हणजे तेच प्रतिनिधी, किन्हईच्या कुलकर्ण्यांपैकी. हातातली दौत टाकून तलवार घेतलेला माणूस. 1692 मध्ये पन्हाळा परत मिळवण्यात त्यांचा हात होता. शाहूंनी साताऱ्याला वेढा घातला तेव्हा ते किल्ला सोडायला तयार नव्हते. किल्ल्याचा हवालदार शेख मिरा. त्याची बायकामुलं वाईला होती, ती शाहूंनी धरली आणि तोफेच्या तोंडी द्यायची धमकी दिली. शेख मिरानं प्रतिनिधींनाच कैद केलं आणि दरवाजे उघडले. जानेवारी 1708 मध्ये शाहूंनी राज्याभिषेक करून घेतला. बघा, यादवीतलं हे मोठं यश एका घराच्या गळ्यावर सुरी ठेवून मिळालं. कथेत मी शेख मिराला खलनायक करणार नाही. तुम्ही कराल?

पुढे शाहूंनी परशुरामपंतांना सोडलं, पद परत दिलं. त्यांचा थोरला मुलगा कृष्णाजी विशाळगडाच्या बाजूला गेला आणि तिकडेच फिरला, ताराबाईंचा प्रतिनिधी झाला. इकडे बाप पुन्हा कैदेत. पुन्हा सुटका, पुन्हा पद. 1718 मध्ये परशुरामपंत वारले आणि धाकटे श्रीपतराव साताऱ्याचे प्रतिनिधी झाले. म्हणजे एका बापाचे दोन मुलगे, दोन्ही ‘प्रतिनिधी’, एक या छत्रपतींचा आणि एक त्या छत्रपतींचा. 1730 मध्ये वारणेकाठी कोल्हापूरकरांच्या, म्हणजे त्या दुसऱ्या छत्रपतींच्या, छावणीवर जो छापा पडला, त्यात पुढे होते ते हे धाकटे श्रीपतराव.

आणि आता हिशेब बघा. साताऱ्याकडच्या शाखेचं औंध संस्थान 1948 पर्यंत टिकलं. कृष्णाजींच्या शाखेची विशाळगडची जहागीर, पुढे मलकापूरला बसलेली, तीही विसाव्या शतकापर्यंत टिकली. दोन छत्रपती भांडले, मधल्या काळात पेशवाई आली नि गेली, इंग्रज आले, आणि किन्हईच्या या कुलकर्ण्यांची दोन्ही घरं उभी. मैत्रिणीचा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात वाजला. ही फूट होती की तजवीज होती?

त्या काळी वतन हे अन्न होतं. शिवाजी महाराजांनी नव्या वतनांना हात आखडता घेतला होता. जिंजीच्या काळात सरदार टिकवायला वतनांच्या सनदा सुटल्या. औरंगजेबही देत होता. एकाच गावाच्या दोन राजांच्या दोन सनदा, अशी अवस्था. अशा वेळी शहाणं घर काय करील? एक पोरगा इकडे, एक तिकडे. जो जिंकेल त्याच्या पदरात वतन, हरलेल्याला त्याच्याच शब्दावर माफी. मावळातल्या देशमुखाला हे कुणी शिकवावं लागत नव्हतं.

हा खुलासा सापडल्यावर मी इतका खूश झालो की कादंबरी त्याच्यावरच रचायला घेतली. बाप रात्री दोन्ही मुलांना बोलावतो, वाटणी करतो, एक पन्हाळा, एक सातारा. चलाख घर, थंड डोकं. पन्नास पानांनंतर लेखणी अडली. कारण बाप कैदेत होता! मुलगा फिरला त्याची किंमत बापानं बेड्यांत मोजली. तजवीज असेल तर फार महागडी तजवीज. आणि नसेल, तर थोरल्यानं बापाचा विचारही केला नाही असं म्हणावं लागतं.

सध्या माझं मत असं आहे की त्या घरालाही हे ठाऊक नसावं. निघताना थोरल्यानं धाकट्याला सांगितलं असेल, हे तात्पुरतं आहे, घरासाठी आहे. मग वर्षं गेली. त्याचं अन्न तिकडचं, मुलंबाळं तिकडची, शिक्का तिकडचा. नाटकात घातलेला मुखवटा उतरवायला गेला तर खाली चेहराच तसा झालेला. ज्या दिवशी नाटकाचं खरं झालं, तो दिवस कुठल्याच बखरीत नसतो. तो शोधायचा तर कुठे?

मी तो मायन्यात शोधतो. जुनी मोडी पत्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना माहीत आहे, तेव्हा पत्राच्या सुरुवातीला नात्याचा आणि दर्जाचा नेमका हिशेब असे. वडीलधाऱ्याला ‘तीर्थरूप’, खाली साष्टांग नमस्कार. धाकट्याला ‘चिरंजीव राजश्री’ आणि ‘आशीर्वाद’. बाहेरच्या बरोबरीच्या माणसाला ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’. यात चूक म्हणजे अपमान, आणि मुद्दाम केलेली चूक म्हणजे निरोप. आता कल्पना करा, थोरला भाऊ शत्रूच्या दरबारातून धाकट्याला सरकारी कामाचं पत्र धाडतोय. ‘चिरंजीव’ लिहिलं तर त्याचा धनी म्हणणार, घर अजून एकच दिसतं. ‘गोसावी’ लिहिलं तर भाऊ संपला. तलवारीचा एक वार नाही, आणि युद्ध या एका ओळीत आहे. लेखकांनो, रणांगणाची पन्नास पानं कमी करा आणि कारकुनाला खोलीत आणा.

सगळ्याच घरांचा हिशेब असा जुळला नाही, हेही सांगायला हवं. कान्होजी आंग्रे 1729 मध्ये गेले. मागे सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी. सेखोजी चार वर्षांत वारले आणि संभाजी-मानाजींचं जुंपलं. मानाजींनी पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा घेतला आणि येसाजीचे डोळे काढले. भावाचे. बाजीरावांनी 1735 मध्ये वाटणी करून दिली, संभाजींना सरखेल, मानाजींना वजारतमाआब. किताब दोन झाले, आरमार मात्र अर्धं अर्धं झालं. पुढे तुळाजींचं पेशव्यांशी बिनसलं आणि 1756 मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या संगनमतानं विजयदुर्ग घेतला. बंदरात आंग्ऱ्यांचं आरमार जळालं. कोकणातून कुणी आलं असेल तर त्यांच्यासमोर यापेक्षा जास्त बोलत नाही. येसाजीच्या बाजूनं मात्र कुणीतरी लिहायला हवं. आंधळा केलेला भाऊ समुद्राचा आवाज ऐकत बसलाय आणि त्याला आवाजावरून गलबतं ओळखू येतात. घ्या कुणीतरी, माझं वय झालं.

तोतया शब्दाकडे येतो म्हटलं होतं. 1714 मध्ये पन्हाळ्यावर सवतीनं, राजसबाईंनी, ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैद केलं आणि आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं. म्हणजे ज्या मुलासाठी शाहूंना तोतया म्हटलं, तो मुलगाच सावत्र भावाच्या कैदेत गेला आणि तिथेच वारला. 1730 मध्ये वारणेच्या छाप्यात ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या. शाहूंनी त्यांना सन्मानानं परत पाठवायची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, कैदेतच राहायचं तर तुझ्याकडे राहते. ज्याला तोतया म्हटलं त्याच्या साताऱ्यात! 1731 मध्ये तह होऊन वारणा ही दोन राज्यांची हद्द ठरली. 1749 मध्ये शाहू वारले, तेव्हा ताराबाईंनीच आपला नातू म्हणून रामराजाला पुढे आणलं. तो ऐकेना, तेव्हा त्याला किल्ल्यात कोंडलं आणि म्हणाल्या, हा तोतया. तोच शब्द, बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांनी. एखाद्या कादंबरीकारानं असं रचलं असतं तर संपादकानं समासात लिहिलं असतं, ‘फार जुळवून आणलंय’.

वेळ संपत आली, मागे चहाचे कप वाजायला लागलेत. नव्या खर्ड्याचं पहिलं प्रकरण कसं सुरू होतं तेवढं सांगतो. पावसाळ्याची संध्याकाळ, विशाळगड, धुकं सदरेत शिरलेलं. थोरला भाऊ बैठकीवर. समोर कारकून, मांडीवर फळी, बोरूला शाई लावून तयार. मजकूर ठरलेला आहे, वारणेपलीकडच्या चार गावांच्या वसुलीची तक्रार, दहा ओळींचं काम. कारकून कागदाच्या माथ्यावर श्री काढतो आणि थांबतो. नवा आहे तो, त्याला घरातलं काही माहीत नाही. साधेपणानं विचारतो, “साताऱ्याच्या प्रतिनिधींना मायना काय लिहायचा?”

बोरूवरची शाई सुकते. तो पुन्हा दौतीत बुडवतो.