मागून ओरडणारा

(दृश्य: मैदानाच्या कडेला एक मुलगा हॉकीच्या गोलकीपरचं किट चढवतोय.)

आधी बुटांवर किकर, म्हणजे पावलांवरचं जाड फोमचं आवरण. त्यावर पॅड, पट्टे मागून आवळायचे. मग छाती, कोपर, गळा. डाव्या हाताला चेंडू अडवायचा जाड फोमचा ग्लोव्ह, उजव्या ग्लोव्हमध्ये स्टिक. शेवटी हेल्मेट. ते चढलं की चेहरा गेला. फॉरवर्डचा फोटो छापून येतो, गोलकीपरचा जाळीआडून.

सामान महागाचं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या किळक्कंबलमच्या एका शेतकऱ्याने मुलाच्या पॅडसाठी गाय विकली होती. मुलगा बाराव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा शाळेत गेला, तो धावायला. लांब उडी मारून झाली, व्हॉलीबॉल खेळून झालं, मग प्रशिक्षकांनी त्याला हॉकीच्या गोलमध्ये उभं केलं. पी. आर. श्रीजेश.

२००६ मध्ये कोलंबोच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. नंतरची काही वर्षं बहुतेक बाकावरच गेली. गोलमध्ये त्याच्याआधी मुंबईचा एड्रियन डिसूझा होता, भरत छेत्री होता. बदली फॉरवर्डला पाच मिनिटं तरी मिळतात, दुसरा गोलकीपर अख्खा सामना बसून. बसलेल्या माणसाचं चित्रीकरण कोण करतं? आमच्याकडेही नाही.

(दृश्य: इंचॉन, २०१४.)

एशियाडचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान, १-१ बरोबरी. शूटआउट. २३ मीटरच्या रेषेवरून एकटा खेळाडू निघतो, हातात आठ सेकंद. आता श्रीजेशचे पाय पाहा. तो रेषेवर थांबत नाही, पुढे येतो. तो जितका पुढे, तितका मागचा गोल लहान. समोरच्याला बाजूला वळावं लागतं, आणि वळण्यात सेकंद जातात. गोलकीपर घाई करून झोपला तर वरून चेंडू जाईल, म्हणून शक्य तितका वेळ उभंच राहायचं. भारत ४-२. एशियाडचं याआधीचं सुवर्ण १९९८ चं, खडकीच्या धनराज पिल्लेच्या कप्तानीतलं.

२०१७ मध्ये गुडघा गेला. बरा झाला.

(दृश्य: टोकियो ऑलिंपिक, ५ ऑगस्ट २०२१. कांस्यपदकाचा सामना, जर्मनीचा शेवटचा पेनल्टी कॉर्नर श्रीजेश अडवतो. जर्मनी ४, भारत ५. पुढे श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसतो. इथे निवेदन नाही, मैदानावरचा आवाज राहू द्या.)

पॅरिस ऑलिंपिक, २०२४. उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटनविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरमध्ये अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेला सामना दहा जणांनी ओढला आणि शूटआउट ४-२ ने घेतला. ८ ऑगस्टला स्पेनला २-१ हरवून कांस्य. हा त्याचा ३३६ वा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. सीनियर संघातली त्याची १६ नंबरची जर्सी हॉकी इंडियाने निवृत्त केली, आणि ज्युनियर संघ त्याच्या हाती दिला.

गोलकीपरला फार तर गोलकीपिंग शिकवायला बोलावतात, सगळा संघ क्वचितच देतात. का, ते आम्हाला कळलेलं नाही. अकरा जणांत अख्खं मैदान कायम समोर दिसतं ते त्यालाच. डावीकडे सरक, त्याला धर, मधली जागा भर, हे श्रीजेश अठरा वर्षं मागून ओरडतच होता. त्याचं कोचिंग तेव्हाच सुरू झालं होतं, असं आमचं म्हणणं. नंतर तेच बाहेरून ओरडायचं होतं, एवढाच फरक. वाट त्याने राहुल द्रविडची धरली: आधी ज्युनियर मुलं घडवायची, मग ती वरच्या संघात पाठवायची. डिसेंबर २०२४ मध्ये मस्कतला पाकिस्तानला ५-३ हरवून या मुलांनी ज्युनियर आशिया कप आणला.

(दृश्य: चेन्नई, डिसेंबर २०२५.)

ज्युनियर विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, बेल्जियमशी २-२. पुन्हा शूटआउट, पुन्हा आठ सेकंद. गोलमध्ये प्रिन्सदीप सिंग. रेषेवर थांबत नाही, पुढे येतो. भारत ४-३.

पुढे जर्मनीकडून १-५ हार, मग ०-२ वरून अर्जेंटिनाला ४-२ हरवून कांस्य.