मनगटावरचा आकडा

(दृश्य: नवरात्राची रात्र, बडोदं)

दांडिया बाजारातल्या मायलेकी गरब्याला आल्यात. लेकीच्या हातात बांगड्या आणि त्यांना खेटून ताण मोजणारा स्मार्ट पट्टा. फेर रंगात येतो न येतो तोच पट्टा थरथरतो: ‘ताण वाढला आहे. दीर्घ श्वास घ्या.’

आई म्हणते, “काढून ठेव गं ते! नाचू दे म्हणावं पोरीला.”

(दृश्य: मनगट, अगदी जवळून. पट्ट्याखाली हिरवा उजेड)

पट्टा खोटं बोलत नाही. हिरवा उजेड कातडीत सोडून तो नाडीचे ठोके टिपतो. माणूस निवांत असला की दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमी-जास्त होतं. ताणात ते एकसारखं होऊ लागतं. काही पट्टे घामही बघतात. घाम खारट, त्यातून वीज सहज वाहते. घाबरल्यावर तळहात ओले होतात ना, तेच हे. फक्त मनगटावर घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून खूणही पुसट. शरीर खवळलंय, एवढंच यातून कळतं. कशानं खवळलं? परीक्षा, भांडण, गरबा की कडक चहा, ते पट्ट्याला कुठून कळणार?

तरी याच घामानं वैद्यकाला एक वाट दाखवली. अमेरिकेत एमआयटीमध्ये रोझलिंड पिकार्ड भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर काम करतात. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं आपल्या स्वमग्न धाकट्या भावासाठी सुट्टीत दोन पट्टे घरी नेले. नंतर नोंदी बघताना पिकार्ड चक्रावल्या. एका मनगटाचा आलेख कड्यासारखा उभा, दुसऱ्याचा सपाट. ताण एकाच हाताला कसा येईल? यंत्र बिघडलं म्हणावं, तर तसंही दिसेना. शेवटी विद्यार्थ्याला फोन लावला. त्याच्याकडे तारीख-वेळ लिहून ठेवलेली होती. त्याच सुमारास भावाला अपस्माराचा झटका आला होता.

पुढे या वाटेनं एम्पॅटिका कंपनीचा ‘एम्ब्रेस’ पट्टा आला. झटक्याची चिन्हं दिसली की तो घरच्यांना कळवतो. २०१८ मध्ये त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. मोठा झटका झोपेत आला आणि जवळ कुणी नसलं, तर जीवावर बेतू शकतं. अशा घरात पट्टा हवाच, त्यात दुमत नाही.

(दृश्य: कारखान्याचं फाटक, पाळी बदलते आहे)

आता समजा, असाच पट्टा उद्या मालकानं कामगाराच्या हातात बांधला. रात्रपाळीत आकडा चढला, की शेरा: ‘दबाव झेपत नाही.’ घरी आई आजारी आहे की मुकादम अंगावर ओरडलाय, ते आकड्यात येत नाही. शेरा मात्र राहतो, बढतीच्या वेळी निघतो.

पॉलिग्राफमध्ये, म्हणजे खोटं पकडायच्या चाचणीतही, हाच घाम मोजतात. ती चाचणी आरोपीवर जबरदस्तीनं करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलं. युरोपीय संघानं २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी यंत्रानं भावना ताडायला बंदी केली. वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण मात्र वगळलं. ती फट लहान नाही, कारण पट्टा बांधणारा प्रत्येक मालक ‘तुमच्याच सुरक्षेसाठी’ असंच म्हणेल. आणि आपल्याकडे? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा दर्जा नाही. शिवाय नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी मालकाला कामगाराची संमती घ्यावी लागत नाही.