शेवटी ती बोलली का नाही?

[दृश्य: नागपूरची सीताबर्डी, संध्याकाळची गर्दी]

विदर्भ साहित्य संघ 1923 सालचा. म्हणजे विदर्भात लिहिणारे होते, वाचणारेही होते. पण कथा छापणारी मोठी मासिकं आणि प्रकाशक मुंबई-पुण्याला. लिहिलेली कथा पाकिटात घालून टपालाने पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची.

आशा बगे यांचा प्रवास असाच सुरू झाला. जन्म 1939चा, नागपूरचाच. एम.ए. मराठीत आणि संगीतातही. संसार सांभाळत कथा लिहिल्या, त्या ‘सत्यकथा’ मासिकात आल्या. 1982 साली मासिक बंद पडलं, तरी ते काढणाऱ्या ‘मौज’ प्रकाशनाशी जुळलेलं नातं टिकलं.

[दृश्य: वाचनालयातली ‘मारवा’ या कथासंग्रहाची प्रत, जवळून]

ही प्रत बघा. पुठ्ठा नवा, पाठीला कापडाची पट्टी, शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के एकमेकांवर चढलेले. एका कथेच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीनं विचारलंय, ‘मग ती बोलली का नाही?’

बगेंच्या वाचकांचा हा जुनाच प्रश्न. घर आतून फुटत जातं, माणसं दुरावतात आणि जे बोलायला हवं तेच ओठांवर येत नाही. काही वाचक यावर मनापासून चिडतात. ‘एवढं सोसायचंच कशाला?’ हा राग खराच आहे; पात्रं आपल्या घरातली वाटल्याशिवाय असा राग येत नाही.

आम्हाला मात्र हे न बोलणंच त्यांच्या लेखनाचं बळ वाटतं. मारवा रागात पंचम, म्हणजे ‘प’ हा स्वर, वर्ज्य असतो. षड्जावरही, म्हणजे ‘सा’वरही, गायक चटकन येत नाही, लांबवत राहतो आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. संगीत शिकलेल्या लेखिकेनं हा ताण स्वयंपाकघरात, देवघरात, जेवणाच्या पंगतीत आणला. ‘कौटुंबिक लेखन’ म्हणून हे बाजूला सारणाऱ्यांनी तो ऐकलाच नाही, असं आम्ही ठामपणे म्हणू.

‘भूमी’ कादंबरीला 2006 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2023 साली जनस्थान.

पुरस्काराचं नाव ऐकून येणारा वाचक आधी ‘भूमी’ मागतो. आमचं ऐकाल तर सुरुवात कथांपासून करा. एक वाचून झाली की लगेच दुसरीकडे वळू नका. घरात आई असेल, सासू असेल, तिलाही ती वाचायला द्या आणि मग तिला विचारा, ‘तू बोलली असतीस का?’