वावराचा दलाल, प्लॉटचा एजंट

[पहाट. तुरीचं वावर. धुऱ्यावरून चालणारे पाय.]

त्या बोरीच्या झाडापर्यंत एकाचं वावर. "त्याच्या पुढचं दुसऱ्याचं," भाऊ सांगतात. हातात नकाशा नाही, टेप नाही. वर्धा जिल्ह्यात, येळाकेळीच्या आजूबाजूला तीस वर्षं त्यांनी वावरं दाखवली. कुणाची विहीर सामायिक, कुणी पांदण अडवली, कुणाच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव अजून चढलेलं नाही, हे पटवाऱ्याआधी त्यांना ठाऊक. शेती घेणारा शेतकरीच लागतो, म्हणून गिऱ्हाइकाचा सातबारा ते आधी मागतात. सौदा जुळला की चहा, इसार आणि दोन्हीकडून दलाली. पावती कधी फाडली नाही.

[वरून दृश्य. महामार्ग, त्याला लागून चुन्याच्या रेघा.]

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. कपाशीच्या तासांच्या जागी आता सिमेंटचे खुंट आहेत, मुरमाचे रस्ते आहेत आणि कुठेच न जाणारी एक कमान आहे. गिऱ्हाईक भाऊंकडेच येतं. विचारतं मात्र प्लॉट.

शेतीचा सौदा जुळवायला महारेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, परवाना आजही लागत नाही. पाच एकर वावर विकून द्या, कुणी नोंदणी नंबर विचारणार नाही. नियोजन क्षेत्रातल्या, महारेराकडे नोंदलेल्या लेआउटमधला दीड हजार फुटांचा तुकडा दाखवायचा म्हटलं की २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम ९ आडवं येतं. आधी एजंट म्हणून नोंदणी, मग गिऱ्हाईक.

[रात्र. बाजेवर लॅपटॉप. शेजारी सून.]

"मामाजी, उजवं नाही, डावं दाबा."

वीस तासांचं प्रशिक्षण. त्यानंतर आयबीपीएस, म्हणजे बँकभरतीच्या परीक्षा घेणारी संस्था, घेते ती ऑनलाइन परीक्षा. १ जानेवारी २०२४ पासून हे सक्षमता प्रमाणपत्र नसेल तर एजंटची नवी नोंदणी होत नाही, जुनीचं नूतनीकरणही नाही. भाऊंची पेन्सिल बघा, कुठे थांबली ती. कलम १३. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भाऊ ती ओळ दोनदा वाचतात, सुनेकडे बघतात, पुन्हा वाचतात. इसार किती घ्यायचा हे आजवर समोरच्याच्या तोंडाकडे बघून ठरायचं. पुढच्या पानावर आणखी एक आकडा: गिऱ्हाइकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि ते त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांवरच खर्चायचे. इथे पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या गेल्यात.

[नागपूर. परीक्षा केंद्राबाहेरची चहाची टपरी.]

आत कॅमेरा नेऊ दिला नाही. ही टपरी, हा रिकामा ग्लास, आणि दारातून बाहेर येणारे भाऊ. पास.

मग पोर्टलवर अर्ज. पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, प्रमाणपत्र. एकट्या माणसाला शुल्क १०,००० रुपये, कंपनीला लाखभर. नोंदणी पाच वर्षांची. एजंटचा नंबर 'ए'पासून सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'पासून. गिऱ्हाइकानं दोन्ही विचारावेत. विचारत नाही कुणी, पण विचारावेत. नोंद नसलेला प्रकल्प एजंटला विकता येत नाही आणि हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात. पावती न फाडणाऱ्या भाऊंनी स्टेशनरीच्या दुकानातून दोन जाड वह्या आणल्या. त्या कोऱ्या वह्या हातात घेऊन ते उभे आहेत, ते हे दृश्य.

नोंदणीविना काम केलं तर रोज १०,००० दंड, प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. पलीकडच्या लेआउटला अकृषक परवानगीच नव्हती. तिथे पैसे गुंतवलेली माणसं कॅमेऱ्यासमोर आली नाहीत.

[भाऊंचं अंगण. पत्र्याचा बोर्ड, ओला निळा रंग.]

रंगारी विचारतो, नाव मोठं लिहू की नंबर?

"नंबर मोठा लिही, बा. नाव तं सारेच ओळखतात."