बोंडू, बी आणि करटीतला अळसांदो

(अंधुक उजेड. लांबून एका पक्ष्याचा ठोक्यांसारखा आवाज.)

सकाळचे सहा. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक वाडा, वाळपईपासून फार लांब नाही. गावाचं नाव आम्ही मुद्दाम सांगत नाही, कारण हा व्हिडिओ ज्यांच्याबद्दल आहे ते सगळे तीन ते सहा वर्षांचे आहेत आणि त्यांना निवांत वाढू द्यायचंय. हा आवाज ऐकताय ना, टुक टुक टुक, कोणीतरी भांडं ठोकत बसल्यासारखा, तो तांबट पक्षी. थंडी सरली की त्याचं काम सुरू होतं ते दिवसभर. आणि समोर डोंगरावर ज्या बॅटऱ्या हलताना दिसतायत ती माणसं काजूच्या बिया पुंजायला, म्हणजे वेचायला, निघालीत.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मे महिन्यापर्यंत इथलं घड्याळ काजूवर चालतं. आई डोंगरावर, बाबा डोंगरावर, आजी अंगणात बिया सुकत घालतेय, मग पोराला अंगणवाडीत कोण सोडणार तर जो मोकळा असेल तो, कधी काका, कधी शेजारीण, आणि कधी कधी पोरगं थेट डोंगरावरूनच येतं, हातांना बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, वास घेऊन.

(अंगणवाडीचं दार उघडतं.)

एक खोली, एक व्हरांडा, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला आंबा. एवढीच जागा. बाई आणि मदतनीस ताई दोघी मिळून सगळं बघतात, मुलं बाईंना टीचर म्हणतात, आपण बाईच म्हणूया. शिकवणं हे त्यांच्या कामांपैकी फक्त एक, बाकी आहार आहे, लसीकरणाच्या याद्या आहेत, वजनं घेणं आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून देशभरातल्या अंगणवाड्या हे सगळं एका छपराखाली करत आल्यात. आम्ही शूटिंग करत होतो त्या दिवशीसुद्धा गोष्ट अर्धी सोडून वजनकाटा बाहेर काढावा लागला. मग बाईंनी काय केलं, मुलांची वजनं झाल्यावर एक फणस ठेवला काट्यावर, आणि तो आपल्यातल्या एका मुलापेक्षा जड निघाला म्हणून सगळ्यांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं.

आम्ही गेल्या वर्षी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा या भिंतीवर ऋतूंचा तक्ता होता. बाजारात मिळतो तसला, चकचकीत. स्प्रिंगच्या चौकोनात ट्युलिपची फुलं, विंटरच्या चौकोनात बर्फाचा माणूस, नाकाच्या जागी गाजर. एके दिवशी बाईंनी सहज विचारलं, वसंत ऋतू कुठे आहे रे? सगळ्या मुलांनी तक्त्याकडे बोट दाखवलं. आणि मागे खिडकीत आंबा मोहोराने नुसता लगडलेला, त्याच्याकडे एकानेही बघितलं नाही.

बाई म्हणतात त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तक्ता खाली आला.

आता त्या जागी सुंभ बांधलाय आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. मुलं वाटेत जे सापडेल ते आणतात आणि चिमट्यात लावतात, बस. जानेवारीत मोहोर आला. मग काटेसावरीचं फूल, जाडजूड, लाल, एका मुलाच्या तळहातात मावत नव्हतं. मग पांगारा. एप्रिलमध्ये त्याच सावरीचा कापूस उडत आला तेव्हा एका मुलीने तो फुलाच्या शेजारी लावला, तिला कोणी सांगितलं नव्हतं की हे दोन्ही एकाच झाडाचं, पण ते झाड तिच्या आजीच्या घरामागे आहे आणि तिने दोन्ही बघितलंय. करवंदांची फांदी आली तर अर्धी मुलं म्हणाली कांटां, एक मुलगी म्हणाली करवंदं, घरात कोंकणी, गोष्टी मराठीत, असं सगळं एकत्रच चालतं इथे, आणि बाई दोन्ही नावं मोठ्याने म्हणून घेतात. एकाच वस्तूला दोन नावं असू शकतात हे चार वर्षांच्या मुलाला कळणं ही मला तरी फार मोठी गोष्ट वाटते.

(आंब्याची फांदी. तांबूस कोवळी पानं.)

ही पालवी बघा, तांबूस, हात लावला तर कपड्यासारखी मऊ. एक मुलगी म्हणाली, टीचर, पान पिकलां. बरोबरच आहे की तिचं, लाल झालं म्हणजे पिकलं, तिला माहीत असलेली सगळी फळं तशीच वागतात. बाईंनी चूक म्हटलं नाही. म्हणाल्या, मग आता गळून पडेल का? बघूया. त्या पानाच्या देठाला निळा दोरा बांधला आणि रोज सकाळी प्रार्थना झाली की सगळी वरात आंब्याखाली. पान काही पडेना. उलट हळूहळू त्याचा लाल रंग गेला, मग पोपटी झालं, मग हिरवं आणि कडक. ती मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ते बाळ होतां.

तुम्हाला सांगतो, कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायला वेळ लागतो, तोवर अँथोसायनिन नावाचं लालसर द्रव्य उठून दिसतं. पण बाईंनी हे मुलांना सांगितलं नाही. बाळ होतं, हे उत्तर चार वर्षांच्या वयाला पुरेसं आहे आणि ते तिने स्वतः शोधलंय, कोणी शिकवलेलं नाही.

(बोंडवांचा ढीग. लाल, पिवळे.)

आणि आता हे! या वर्गातला सगळ्यात मोठा सण म्हणजे बोंडवांचा दिवस. ताईंनी दोन बादल्या भरून आणल्यात, व्हरांड्यात वर्तमानपत्रं पसरली. आधी नुसता वास. मग लाल एकीकडे, पिवळे एकीकडे, आणि मग भांडण, कारण काही बोंडू अर्धे लाल अर्धे पिवळे असतात, ते कुठे ठेवायचे? या भांडणात बाईंनी अजिबात लक्ष घातलं नाही, शेवटी मुलांनीच तिसरा ढीग केला. वर्गीकरण वर्गीकरण म्हणून आपण जे मोठ्या शब्दात सांगतो ना ते हेच, फक्त तिसरा ढीग मुलांनी स्वतः करायला हवा.

मग एक मुलगा बोंडू उलटा धरून बघत होता, तो विचारतो, बी भायर कित्याक? बी बाहेर का?

काय प्रश्न आहे! आंब्याची कोय आत, फणसाचा गरा आणि गऱ्याच्या आत आठळी, चिंचोका आत, आणि काजूचीच बी बाहेर लोंबकळते. खरं तर आपण ज्याला फळ म्हणतो तो बोंडू म्हणजे फुगलेला देठ, आणि जिला बी म्हणतो तेच खरं फळ, काजूगर त्याच्या आत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हे झाड ब्राझीलहून इकडे आणलं आणि आता त्याच्याशिवाय गोव्याचा डोंगर डोळ्यांसमोर येत नाही. बाईंनी तो प्रश्न सगळ्यांसमोर ठेवला, उत्तरं आली ती अशी. आत जागा नव्हती. बीला गरम होतं. बीला बाहेरचं बघायचंय.

बोंडू कापायच्या आधी ताई बी पिळून काढतात आणि बाजूच्या डब्यात टाकतात, फोडायची तर कोणालाच नाही, कारण सालीतल्या तेलाने कातडी भाजते, हे घरोघरी माहीत आहे पण तरी व्हिडिओ बघून कोणी शाळेत हे करणार असेल तर लक्षात ठेवा. उरलेला बोंडू आडवा कापायचा, रंगात बुडवायचा आणि कागदावर ठसा. आणि एक तुकडा मीठ लावून खायचा, घसा धरतो, तोंड वाकडं होतं, आणि सगळे पुन्हा मागतात.

(सुरंगांची परडी.)

ही सुरंगां. मार्चमध्ये सुरंगीच्या फांद्या या बारक्या फुलांनी भरून जातात आणि वास असा की परडी झाकली तरी खोलीभर होतो. पहाटे कळ्या काढायच्या आणि वळेसर, म्हणजे गजरे, गुंफायचे. एका मुलाच्या आजीने परडी पाठवलीय. जाड दोरा, टोकाला मेण लावून कडक केलेलं, आणि मुलं एकेक फूल ओवतायत. बघा या मुलाची जीभ बाहेर आलीय, एवढं लक्ष. एक, दोन, तीन, पाच, चार राहिलं, परत मोजायचं.

आता इथे थोडं थांबूया, कारण हे दृश्य बघून एक पालक आम्हाला म्हणाले, फुलं ओवतात ते ठीक आहे हो, पण एबीसीडी कधी? त्यांची काळजी खोटी नाही. भावाचा मुलगा शहरात केजीत जातो, तो वही भरून लिहितो, मग आपलं पोर मागे पडणार असं कोणालाही वाटेल. पण मनगटाकडे बघा. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं, जन्मतो तेव्हा ती हाडं नसतातच, नुसती कुर्चा असते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास त्यातली जेमतेम तीन तयार व्हायला लागतात, शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. त्या मनगटाला रेघांच्या आत शंभर वेळा ए काढायला लावणं आणि त्याच बोटांनी सुरंगाच्या देठातून दोरा काढायला देणं, यातलं कुठलं आधी यायला हवं? माझं उत्तर मी लपवत नाही, दोरा आधी. पेन्सिल धरणारी दोन बोटं आणि अंगठा इथेच तयार होतात आणि वर वास फुकट.

बाईंनी त्या पालकांना काहीच समजावलं नाही. त्यांना खाली बसवलं आणि म्हणाल्या, तुम्हीपण एक वळेसर करा. ते वीस मिनिटं बसले. तिसऱ्यांदा दोरा तुटल्यावर हसले आणि मुलाला विचारलं, तू कसं करतोस रे?

हे सगळं आजचं नाही. बालशिक्षणाचं काम करणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, पुढे १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. महागडं साहित्य खेड्यात कुठून आणणार, म्हणून त्यांनी खडे, बिया, शिंपले, पानं, काड्या यांच्यातूनच बालशिक्षण उभं केलं, आणि मूल शाळेत येत नाही तर आपण त्याच्या अंगणात जाऊ म्हणून अंगणात वर्ग घेतले. अंगणवाडी हा शब्द उच्चारताना मला दर वेळी ते अंगण दिसतं. आणि हे सांगताना मलाच छान वाटतं की अनुताई १७ मार्चच्या आणि ताराबाई १९ एप्रिलच्या, दोघींचेही वाढदिवस याच मोसमात येतात.

(डब्यांवर काड्यांचा ठेका.)

घणचे कटर घण, घणचे कटर घण! शिगमो, म्हणजे इथला शिमगा, आलाय. सत्तरीत, डिचोलीत घोडेमोडणी असते, कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार, ढोल-ताशांवर माणसं नाचतात, आणि ती रात्री जागून बघितलेली मुलं दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत येऊन गप्प बसणं शक्यच नाही. मग खोके आले. मधे कापलेले, खांद्यावरून दोरीने अडकवलेले, पुढे वर्तमानपत्राचं घोड्याचं तोंड, सुंभाची आयाळ. ढोल म्हणजे तेलाचा रिकामा डबा. झांजांसारखी कांसाळी म्हणजे ताटांची झाकणं. दोन पावलं पुढे, एक मागे, गिरकी. ज्याला एरवी रांगेत उभं राहता येत नाही तो मुलगा ठेका सोडत नाही, एकदाही नाही. ओस्सय! म्हटलं की सगळे एकदम थांबतात. आवाज ऐकून थांबायचं कळणं, आपली पाळी ओळखणं, दुसऱ्याच्या घोड्याला धक्का न लावणं, हे सगळं त्यात आहे, आणि एकाही मुलाला कोणी गप्प बस म्हटलं नाही.

(करट्यांची रांग. ऊन.)

शेवटी ही रांग. नारळाच्या करट्या, तळाला एक भोक, आत माती, प्रत्येकात एक अळसांदो, म्हणजे चवळीची बी. प्रत्येक करटीवर नाव नाही, चित्र. मासा, छत्री, मांजर, सूर्य. तिसऱ्या दिवशी पहिला कोंब दिसला तेव्हा शाळेत कोणी आहार खायला तयार नव्हतं. छत्रीची करटी कोंबडीने उकरली, रडारड झाली, नवीन बी घातली. आणि माशाची करटी ज्याची आहे तो, बी बाहेर का विचारणारा तोच, तो रोज येऊन आपलं बी उकरून काढायचा, आलंय का बघायचा आणि परत पुरायचा. पहिलं बी कुजलं. दुसरंही गेलं. बाईंनी त्याला उकरू नको सांगितलं नाही, फक्त तिसरं बी दिलं, आणि शेजारी बसून म्हणाल्या, आता याला झोपूदे, आपण दोघं पहारा देऊया. चार दिवस तो करटीच्या शेजारी हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. खरंच हात बांधून.

पाचव्या दिवशी वाकडी मान घेऊन कोंब वर आला.

आम्ही धावत कॅमेरा घेऊन गेलो. दुपारचे साडेबारा, ऊन असं की माती पांढरी दिसत होती. मी क्लोजअपसाठी करटीवर वाकलो आणि माझी सावली नेमकी त्या कोंबावर पडली. तो वर बघून म्हणाला, हालूं नाका. आणि वाटी आणायला आत पळाला.

तो पाणी घेऊन येईपर्यंत आम्ही तसेच वाकून उभे होतो.